नौपाड्यातला चिनी तत्त्वज्ञानाचा वर्ग: सहा रविवार, बाराशे रुपये

रविवारी सकाळी दहा ते बारा, एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये हा वर्ग भरतो. ठाणे स्टेशनवरून गोखले रोडने चालत जा. गाडी लावायला जागा मिळत नाही. चार वर्षं मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. नियम करायचे आणि ते मोडलेले बघायचे, हेच काम. म्हणून नाव घातलं.

शिकवणाऱ्या बाई निवृत्त प्राध्यापिका. पहिल्याच दिवशी त्यांनी जुन्या चिनी विचारवंतांचं भांडण समोर मांडलं: माणूस मुळात चांगला की वाईट? मेन्शियस म्हणतो, विहिरीत पडायला आलेलं पोर दिसलं की कुणाच्याही काळजात चर्र होतं. चांगुलपणाचा कोंब आतच असतो. श्युन-त्झ म्हणतो, माणूस वाकड्या लाकडासारखा, वाफ देऊन दाबल्याशिवाय सरळ होत नाही. त्याचाच शिष्य मानला जाणारा हान फेइ संस्कारांवरही विसंबत नाही. राजाने बक्षीस आणि शिक्षा, दोन्ही आपल्याच हातात ठेवावं.

तिसऱ्या रविवारी हान फेइची गोष्ट आली. राजा दारू पिऊन झोपला. टोपी सांभाळणाऱ्या नोकराने, थंडी वाजेल म्हणून, त्याच्या अंगावर वस्त्र घातलं. राजा उठला, सुखावला, कुणी पांघरलं ते विचारलं आणि दोघांना शिक्षा केली: वस्त्रवाल्याला काम चुकवलं म्हणून, टोपीवाल्याला दुसऱ्याच्या कामात हात घातला म्हणून.

मी लिहायची थांबले. गेल्या पावसाळ्यात लिफ्ट बंद होती, तेव्हा आमच्या वॉचमनने तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना हाताला धरून वर नेलं. तेवढ्यात गेटवरून सायकल चोरीला गेली. लेखी ताकीद माझ्या सहीची. त्याने कागद वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "बरं मॅडम." हे मी वर्गात सांगितलं. बाईंनी निवाडा केला नाही. फळ्यावर दोन रकाने आखले, एकात हान फेइ, दुसऱ्यात मेन्शियस, आणि अर्धा तास सगळ्यांना बोलतं केलं. माझे बाराशे तिथेच वसूल झाले. ताकीद मागे घ्यायचा विषय मी पुढच्या कमिटी मीटिंगला घेतला आहे.

छिन राज्यात कडक कायदे आणणारा मंत्री शांग यांग, त्याचा तासही रंगला. कायद्यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याने बाजाराच्या दक्षिण दारात एक खांब उभा केला. उत्तर दारात नेईल त्याला आधी दहा, मग पन्नास मापं सोनं, आणि एकाने नेला तेव्हा खरंच दिलं. पुढे इ.स.पू. ३३८ मध्ये जीव वाचवायला पळताना त्याच्याच कायद्यामुळे खानावळवाल्याने त्याला आसरा नाकारला.

तक्रार एकच. इ.स.पू. २२१ ला सगळा चीन एक करणारं छिन राज्य २०६ पर्यंत कोसळलं, आणि ते का, हे शेवटच्या वीस मिनिटांत उरकलं. त्याला अख्खा रविवार हवा होता. झेरॉक्सही फिक्या आहेत, चष्मा विसरू नका. पुढची बॅच दिवाळीनंतर. मी पुन्हा नाव घातलंय, यावेळी आमच्या खजिनदारांनाही घेऊन.