अकुआ इंटाग्लिओ शाई : किनाऱ्याच्या मोनोटाइपसाठी कशी आहे?

मोनोटाइप म्हणजे प्लेटवर शाईत चित्र करून ते कागदावर दाबून छापायचं. त्यात खरं काम पुसण्याचं. ॲक्रिलिकच्या प्लेटवर रोलरने शाई लावायची आणि चिंधीने पुसत पुसत समुद्र, पुळण, कातळ मोकळे करायचे. शाई मध्येच ताठरली की चित्र तिथेच अडतं. सोया तेलातली ही शाई हवेत साय धरत नाही, कागदात मुरूनच वाळते. त्यामुळे प्लेटवर तासन्‌तास ओली राहते आणि क्षितिजाची रेघ हवी तितक्या वेळा वर-खाली करता येते. किनाऱ्याच्या चित्रांना आम्ही हिलाच पहिली पसंती देऊ.

थॅलो ब्लू हा गडद निळा मात्र जपून वापरा, फार जोरकस रंग आहे. ट्रान्स्परंट बेस, म्हणजे रंग फिका करणारी बिनरंगाची शाई, आधी घ्या आणि त्यात निळा सुरीच्या टोकाने वाढवत जा. ओहोटीच्या ओल्या वाळूची चकाकी हवी तर मलमलची घडी एकाच दिशेने, आडवी ओढा. फेसासाठी कापसाची काडी कोरडीच हवी. ओली काडी पाण्याचे थेंब सोडते आणि छापात तिथे फाटक्या कडांचे पांढरे डाग उमटतात. चित्र उलटं छापलं जातं हेही ध्यानात ठेवा, नाहीतर हर्णैच्या बंदरातला सुवर्णदुर्ग भलत्याच बाजूला जाईल.

प्लेट 2 मिमी जाडीची पुरते. कडा कानशीने उतरत्या करा, नाहीतर प्रेसमध्ये कागद कापला जातो. 250 ग्रॅमचा सुती कागद 20 मिनिटं भिजवून, वरची चमक जाईपर्यंत टिपून घ्या. शाईचा थर पातळच हवा. जाड झाला की दाबाखाली पसरतो आणि गलबतांच्या डोलकाठ्या बरबटतात. पहिल्या छापानंतर प्लेटवर उरलेल्या शाईचा दुसरा, फिका छाप अवश्य काढा, दाब थोडा वाढवून. धुक्यातल्या खाडीला तोच शोभतो.

उणीव एकच, पण मोठी: गुळगुळीत किंवा जास्त खळ असलेल्या कागदात ही शाई मुरतच नाही. गडद काळे भाग बोटाला लागत राहतात, पावसाळ्यात तर फारच. छाप एकमेकांवर रचू नका, दोरीवर टांगा.

धुताना रॉकेल, टर्पेंटाइन लागत नाही. आधी कोरड्या चिंधीने पुसा, मग भांड्यांचा साबण, पाणी शेवटी. किंमत आयात मालाची आहे, तेव्हा सुरुवातीला काळी आणि ट्रान्स्परंट बेस अशा दोनच डब्या घ्या.