नेटवर्कचं डिझाइन फुकट करून देणारा भेटला, तर आधी हे वाचा

नाव लिहिता येत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे. पण त्याची पद्धत लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

नवी इमारत, चार मजले, १४४ पॉइंट, म्हणजे नेटवर्कची केबल जिथे पोचवायची अशा १४४ जागा. संगणक, फोन, कॅमेरे, वायफाय, सगळं धरून. इंटिरियरवाल्याने ‘आपलाच माणूस’ म्हणून एक सल्लागार आणला. डिझाइनचे पैसे घेणार नाही म्हणाला. नकाशावर पॉइंट त्यानेच टाकले, सामानाची यादी त्यानेच केली आणि तुलनेसाठी तीन कोटेशनंही त्यानेच मागवली. सगळ्यांत कमी निघालं ११,४०,००० रुपयांचं. तिन्ही पार्ट्या एकाच गोठ्यातल्या होत्या हे आज कळतं. तेव्हा कागद बघून कोणालाही कळलं नसतं, माझ्या वरच्या तिघांनाही कळलं नाही.

पैसे देण्याच्या अटी वाचा. ६० टक्के ॲडव्हान्स, ३० टक्के माल साइटवर उतरल्यावर, १० टक्के काम संपल्यावर. म्हणजे एकही पॉइंट चालू होण्याआधी १०,२६,००० रुपये त्याच्या खिशात. अशा अटी दिसल्या की तिथेच उठा. चाचणीचा निकाल हातात येईपर्यंत निम्मी रक्कम तरी आपल्याकडे राहिलीच पाहिजे.

केबलचा हिशेब त्याने दर पॉइंटला सरासरी ६५ मीटरने लावला होता. १४४ पॉइंटांचे ९,३६० मीटर, ३०५ मीटरच्या ३१ पेट्या, पेटीला ९,८०० रुपये, एकूण ३,०३,८००. प्रत्यक्षात रॅक, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात ते कपाट, प्रत्येक मजल्याच्या मधोमध होता. नंतर मोजलं तेव्हा सरासरी ३८ मीटर भरली. वाया जाणारी धरूनही २० पेट्या पुरल्या असत्या. वरच्या ११ पेट्यांचे १,०७,८०० रुपये गेले. केबलच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात. दोन्ही टोकांचे आकडे लिहून घ्या, वजाबाकी करा आणि त्यावरच बिल द्या.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून डोकं तडकतं. माल उतरत होता तेव्हा मी दारात चलन घेऊन उभा होतो. एक पोरगेलासा मदतनीस केबलच्या तीन पेट्या एकावर एक ठेवून, फोनवर बोलत बोलत जिना चढून गेला. मी बघितलं. मनात आलंसुद्धा की पोरगा दणकट आहे! कॅट सिक्स, म्हणजे आम्ही मागवलेल्या जातीच्या नेटवर्क केबलच्या अख्ख्या पेटीत साडेपाच किलोच्या आसपास नुसतं तांबं असतं. आतली तार ॲल्युमिनियमची आणि वर तांब्याचा मुलामा असेल, तर प्रत्येक पेटी साधारण साडेतीन किलोने हलकी होते. तीन पेट्यांत दहा किलो. तो पोरगा दणकट नव्हता, पेट्या पोकळ होत्या. पण मी प्रशासनाचा माणूस, माझं काम पेट्या मोजायचं. चलनात ३१ होत्या, ३१ मोजल्या. वजन करून घ्या असं फुकटच्या सल्लागाराने सांगायचं असतं, आणि तो तर माल देणाऱ्याच्याच बाजूने उभा होता.

चुंबक लावून बघा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. चुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही आणि तांब्यालाही नाही. तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली की माल परत.

चाचणीचे पॉइंटमागे २५० प्रमाणे ३६,००० घेतले आणि १४४ पानांची पीडीएफ दिली. प्रत्येक पानावर हिरव्या अक्षरांत ‘पास’. रॅकला खेटून असलेल्या टेबलापर्यंतच्या केबलची लांबी ४१.६ मीटर आणि टोकाच्या मीटिंग रूमपर्यंतच्या केबलचीही ४१.६! पीडीएफ कोणीही बनवतो. मूळ फाइल मागा, यंत्राचा सीरियल नंबर आणि दर चाचणीची वेळ बघा. आणि आठ दिवे लुकलुकणारा तो स्वस्त टेस्टर म्हणजे चाचणी नव्हे. तारा जागेवर जोडल्यात एवढंच त्यातून कळतं.

भांडं फुटलं कॅमेऱ्यांमुळे. दिवसा व्यवस्थित, अंधार पडला की बंद-चालू. रात्री त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त ओढली जाते, आणि ती येते याच केबलमधून. मुलाम्याच्या तारेचा विजेला होणारा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत विजेचा पुरेसा दाब पोचतच नव्हता. दुसऱ्या तंत्रज्ञाने तार खरवडून दाखवली. मग स्विच तपासले, म्हणजे सगळे पॉइंट एकमेकांना जोडणारी रॅकमधली यंत्रं. ५८,००० चा एक असे सहा, त्यांतल्या चारांची वॉरंटी दुसऱ्याच कंपनीच्या नावावर केव्हाच सुरू झालेली. जुना माल पुसून दिला, २,३२,००० रुपये. खोका फोडण्याआधी सीरियल नंबर उत्पादकाकडून तपासून घ्या.

केबल, स्विच, चाचणी मिळून ५,७१,८०० रुपये.

पोलिसांकडे गेलो. ‘केबल टाकली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.’ तक्रारीत संगणक हा शब्द दिसताच सायबरवाल्यांकडे धाडलं. ते म्हणाले, ऑनलाइन काहीच घडलेलं नाही, पोलीस ठाण्यात जा. ठाण्यात म्हणाले, तांत्रिक आहे, सायबरकडे जा. मी तारेचा तुकडा टेबलावर ठेवला तर एका साहेबांनी तो बाजूला सारून त्यावर चहाचा कप ठेवला. ग्राहक मंचात सांगितलं, खरेदी धंद्यासाठीची आहे, तुम्ही ग्राहकच नाही! पेटीवर जिचं नाव होतं त्या कंपनीने कळवलं की हा बॅच नंबर आमचा नाही, म्हणजे त्यांच्याही नावाची नक्कल झालेली. तरी तक्रार तुमची तुम्हीच करा म्हणतात. आमच्याच हिशेब खात्याने मात्र तत्परतेने मला खुलासा मागितला. केबलिंगच्या मानकांत ॲल्युमिनियमची तार बसतच नाही, हे एका कागदावर लिहून द्यायला एकही अधिकारी तयार नाही.

आणि शेवटचे १० टक्के, १,१४,०००, आम्ही अडवून धरलेत ना, त्यासाठी गेल्या आठवड्यात त्याच माणसाची नोटीस आली. व्याजासकट मागतोय. सोबत तीच १४४ पानांची पीडीएफ जोडली आहे, काम समाधानकारक झाल्याचा पुरावा म्हणून.