शा-२५६ हॅशमधून पासवर्ड: काही महिने वापरल्यानंतर

टर्मिनलवर एका ओळीत पासवर्ड काढायची एक आज्ञा सगळीकडे फिरत असते: आत्ताच्या वेळेचे सेकंद घ्या, शा-२५६ या हॅशमधून (कुठल्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा, उलटा न फिरवता येणारा ठसा काढणारं गणित) काढा, बेस६४ करा (म्हणजे साध्या अक्षर-अंकांत लिहा), पहिली ३२ अक्षरं उचला. ही अजिबात वापरू नका. दिवसात सेकंद ८६,४००च असतात. खातं कोणत्या दिवशी उघडलं हे कळलं, की साधा लॅपटॉपही सगळे पर्याय क्षणात तपासून संपवतो. गिरणीत जे टाकाल त्याचंच पीठ मिळतं. हॅश स्वतःकडून यादृच्छिकता घालत नाही.

मी वापरली ती दुसरी पद्धत. एक लांब गुप्त वाक्य आणि साइटचं नाव जोडून त्याचा हॅश काढायचा. कुठेच काही साठवायचं नाही, कुठल्याही मशीनवर तोच पासवर्ड परत मिळतो, आणि हे सुख खरंच मोठं आहे. मात्र मजकूर छापणारी 'एको' आज्ञा शेवटी नवी ओळ जोडते आणि हॅश पार बदलतो, म्हणून 'प्रिंटएफ' घ्या. वाक्य आज्ञेतच टाइप केलं तर बॅशच्या (टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हिस्टरीत राहतं. टाइप केलेलं न दाखवणाऱ्या 'रीड -एस'ने विचारून घ्या.

त्रास साइटच्या नियमांनी दिला. हॅशमध्ये फक्त ०-९ आणि ए ते एफ, तेही लहान लिपीत. कॅपिटल आणि चिन्हं मागून चिकटवावी लागतात. १६ अक्षरांची मर्यादा असली की हाती ६४च बिट (दर अक्षराला ४) उरतात. ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावणाऱ्या साइटसाठी क्रमांक जोडायचा, म्हणजे तो लक्षात ठेवणं आलंच.

पण मला खरी धास्ती वाटते ती वेगाची. शा-२५६ वेगवान व्हावा म्हणूनच घडवला आहे. एका साइटवरून तुमचा पासवर्ड उघडा फुटला, तर हल्लेखोर घरबसल्या प्रचंड वेगाने मूळ वाक्याचे अंदाज बांधू शकतो, आणि ते सापडलं की सगळीच खाती गेली. ही पद्धतच हवी असेल तर २०१५च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेतला विजेता आर्गॉन२ वापरा. तो मुद्दाम संथ आणि मेमरीखाऊ आहे. साइटचं नाव सॉल्ट (हॅश करताना मिसळायचा जादा मजकूर) म्हणून द्यायचं तर ते किमान ८ बाइट लागतं, आणि वेळ-मेमरीचे आकडे कायम तेच ठेवावे लागतात.

रोजच्या वापरासाठी मी आता यादृच्छिक बाइट देणाऱ्या 'ओपनएसएसएल रँड' या आज्ञेवर आलो आहे. २४ बाइट बेस६४मध्ये मागितले की नेमकी ३२ अक्षरं मिळतात, पूर्ण १९२ बिटांची. ती 'पास' या पासवर्ड साठवणाऱ्या प्रोग्राममध्ये जीपीजी या एन्क्रिप्शन साधनाने कुलूपबंद राहतात. जीपीजीच्या किल्लीची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर जरूर ठेवा.