वाईन शॉप एक नंबर, पण हार्टचा सल्ला तिथं घेऊ नका (सांगली)

विश्रामबागच्या बाजूला आहे हे दुकान, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली थोडी तक्रार पण आहे. आधी चांगलं सांगतो. वर्षभरात एकदा पण एमआरपीच्या वर पैसे मागितले नाहीत, बिअर खरंच गार असते (बाकीच्या ठिकाणी नुसता फ्रीज चालू असतो), बिल मागितलं तर तोंड वाकडं करत नाहीत.

आता तक्रार. आमचे अण्णा ६४ चे, बीपीची गोळी चालू, आयुष्यात दारूचा थेंब नाही. कट्ट्यावर कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं की रोज थोडी रेड वाईन हार्टला चांगली. मी दुकानात विचारलं तर काउंटरवरचा पोरगा लगेच चालू झाला, "दादा बिनधास्त न्या, औषधच हाय, फ्रान्सची लोकं बघा की, लोणी-चीज हाणत्यात आणि हार्टला काय होत न्हाय." मी पण येडा, साडेआठशेची बाटली घेऊन आलो.

नशीब त्याच आठवड्यात मिरजेला अण्णांचं चेकअप होतं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, पीत नाही ना, मग हार्टसाठी तर अजिबात सुरू करू नका. वाईनमुळं फ्रान्सच्या लोकांचं हार्ट चांगलं, ही गोष्ट १९९० नंतर जगभर गाजली पण जुन्या अभ्यासांत एक घोळ होता, न पिणाऱ्यांच्या गटात असे पण लोक धरलेले की ज्यांनी तब्येत बिघडली म्हणून सोडलेली, मग ते जास्त आजारी दिसणारच आणि त्यांच्यापुढं थोडी पिणारे ठणठणीत दिसणार. त्यात जेवताना एकच ग्लास घेणारा माणूस बहुतेक वेळा पैशानं बरा, खाण्यापिण्यात नीट, त्याचं श्रेय वाईनला कशाला. दारूनं बीपी वाढतं, ठोके अनियमित होऊ शकतात, कॅन्सरचं वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेनं तर जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं की सुरक्षित असं प्रमाणच नाही.

मी म्हटलं पण ते रेस्व्हेराट्रॉल, रेड वाईनमधला हार्टला चांगला म्हणतात तो घटक? तर डॉक्टर म्हणाले ते द्राक्षाच्या सालीत असतं आणि वाईनमध्ये लिटरमागं काही मिलिग्रामच, उंदरांवरच्या प्रयोगात दिलेला डोस त्याच्या कितीतरी पट. आई मागनं म्हणाली, मग घरात तासगावचा बेदाणा पडलाय तो खा की.

घरी येऊन बाटलीवर बघितलं, १३ टक्के. १५० मिलीच्या ग्लासात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल झालं, आणि ३० मिली व्हिस्कीत १० च्या आसपास. म्हणजे वाईन हलकी म्हणून आपण जे समजतो ते पण गेलं.

पोराला तरी काय बोलायचं म्हणा, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली दारू प्यायचं जे परमिट मिळतं ना, ५ रुपयाचं एका दिवसाचं, १००० चं लाईफटाईम, त्यावरच लिहिलेलं असतं की आरोग्य राखण्यासाठी!!

बाटली परत घेतली नाही, 'विकलेला माल परत नाही' असा बोर्डच आहे. शेवटी दाजींनी मटणाबरोबर एका बैठकीत संपवली, वर म्हणतात आंबट होती.

४ स्टार. एक पार्किंगचा कापला, गाडी लावायला जागाच नाही.