आठवणीतली तांबट लेन आणि ऑइल पेस्टलची डबी

रस्ता आठवणीतून रंगवायचा असेल तर ऑइल पेस्टल, म्हणजे मेण-तेलाच्या रंगकांड्या घ्या. चित्रकलेची शिक्षिका म्हणून शाळेतल्या मुलींना मी हेच सांगत आले. निवृत्तीनंतर नाशिकच्या शालिमार भागातल्या एका दुकानातून स्वतःसाठी पन्नास रंगांची डबी आणली, तेव्हा ते आणखी पटलं.

पेस्टलची कांडी जाड, बोथट. दुकानाची पाटी, खिडकीचे गज, वायरींचं जाळं तिला जमतच नाही, आणि आठवणीतही हे सगळं कुठे असतं? मावशीकडे जाताना लहानपणी पाहिलेल्या जुन्या तांबट लेनचं मला काय आठवतं? वाड्यांमधली अरुंद सावली, हंड्यांवरचं ऊन आणि ठोक्यांचा आवाज. सावली गर्द जांभळी केली. हंड्यांचा नारिंगी समोरच्या भिंतीवर थेट माडीपर्यंत चढवला. ती भिंत खरं तर कळकट पांढरी असणार. ठोक्यांसाठी जांभळ्यावर नारिंगीचे आखूड, तुटक फटकारे दाबून मारले आणि गल्ली वाजायला लागली! जलरंगात एवढ्या गडद रंगावर उजळ रंग असा बसत नाही.

या कांडीचा जन्मच अशा कामासाठी झालाय. जपानमध्ये कानाए यामामोतो नावाचे चित्रकार मुलांना नकला करायला लावण्याच्या विरोधात होते. मुलांनी स्वतःला दिसेल, वाटेल ते काढावं, हा त्यांचा आग्रह. त्याच वातावरणात साकुरा कंपनीने 1925 मध्ये ऑइल पेस्टल आणले. आपल्याकडच्या स्पर्धांत मात्र याच कांड्यांनी पाठ केलेली निसर्गदृश्यं रंगवून घेतात. वाईट वाटतं. फ्रेंच चित्रकार आंद्रे देराँने 1906-07 च्या सुमारास लंडन रंगवताना थेम्सचं पाणी पिवळं-हिरवं केलं, मग आपली गोदावरी निळीच का?

आता त्रासाचं. गडद थरावर पिवळा किंवा पांढरा फिरवला की कांडीचं तोंड लगेच मळतं. दर फटकाऱ्यानंतर फडक्याला पुसा. मेणाबरोबर न सुकणारं तेल असल्यामुळे चित्र कधीच पूर्ण वाळत नाही. बटर पेपर घालून ठेवा, फ्रेम करताना काच आणि चित्र यांच्यात माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट हवीच. नाशिकच्या एप्रिलमध्ये कांड्या मऊ पडतात, डबी खिडकीत ठेवू नका. शाळकरी दर्जाच्या डब्यांत रंगद्रव्य कमी आणि भर जास्त, म्हणून फार दाबावं लागतं. पण सरावाला त्या पुरतात. भिंतीवर लावायचं चित्र असेल तर चार-पाच सुट्या कांड्या चांगल्या प्रतीच्या घ्या.

कागद पांढरा नको, विटकरी किंवा राखाडी पेस्टल शीट घ्या. मधे उघडी राहिलेली जागाही मग रस्त्याची वाटते. पुढचं चित्र रंगपंचमीच्या रहाडीचं, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाचं करणार आहे, एका रंगात बुडालेली माणसं या कांडीला छान जमतील. पांढरी आणि पिवळी कांडी जास्तीची आणून ठेवा, त्याच आधी संपतात.