टेलि-मानस १४४१६ : जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या घरांना कितपत कामाची?

घरातला माणूस ताट पुढे सरकवून ओट्यावर बसून राहतो. उधारी-उसनवारी मिटवतो, बैलजोडी भावाच्या हवाली करतो आणि म्हणतो, "आते मन्हं काही राह्यनं नही." घरच्यांना धडकी भरते ती रात्री अकराला, सिव्हिलची ओपीडी बंद असताना. १४४१६ म्हणजे टेलि-मानस, मानसिक त्रासात फोनवर मदत देणारी सरकारी सेवा. ती त्या तासासाठी आहे, आणि तेवढ्या तासापुरते तिला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही.

केंद्र सरकारने ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिची मुख्य संस्था. चोवीस तास, मोफत, साध्या बटणाच्या फोनवरूनही चालते. लागला नाही तर दुसरा नंबर १८००-८९१-४४१६. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज दिसली तर पुढे तज्ज्ञ डॉक्टरांशी जोडून देतात.

भाषेत मात्र ही सेवा खान्देशाला कमी पडते. मराठीसह २० भाषा आहेत. इथल्या घरांतली अहिराणी नाही, सातपुड्यातली पावरी नाही. मन कोसळलेला माणूस शाळेतल्या मराठीत बोलत नाही, घरच्या बोलीत बोलतो. म्हणून दोन्ही भाषा येणारं कुणीतरी जवळ असू द्यावं. त्याने त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे सांगावेत, मग अर्थ. "थोडा नाराज आहे" असं गुळमुळीत करून सांगितलं की पलीकडच्याला धोका कळत नाही.

फारच थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे घरचे लोकही स्वतःहून फोन करू शकतात. त्याआधी चार गोष्टी हाताशी ठेवाव्यात: तो नेमकं काय म्हणाला, पूर्वी असा प्रयत्न झाला होता का, दारू किंवा कुठलं औषध चालू आहे का, आणि आत्ता त्याच्याजवळ कोण बसलंय. फोन चार्ज असावा. सातपुड्यातल्या पाड्यांवर रेंज जाते. कॉल तुटला तर पुन्हा लावायचा, पण रेंज शोधायला जाणारा वेगळा आणि त्याच्याजवळ थांबणारा वेगळा हवा.

बहुतेक घरी चूक होते ती इथे. "घे, बोल साहेबांशी" म्हणत फोन एकदम त्याच्या हातात कोंबला जातो. चारचौघांत तो "काही नाही, बरा आहे" म्हणतो आणि कट करतो. आधी घरच्याने बोलावं, मग बाकीच्यांना बाहेर पाठवून त्याला विचारावं, "मी बोललोय, तूही दोन मिनिटं बोलशील का?" नको म्हणाला तर हट्ट नको, समुपदेशकाकडून घरच्यांनीच पुढची पायरी समजून घ्यावी.

"जीव द्यायचा विचार येतोय का?" हे सरळ विचारावं. विचारल्याने ते डोक्यात शिरतं, हा समज चुकीचा आहे. उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. "पोरांकडे बघ", "लोक काय म्हणतील" ही वाक्यं टाळा; आपण ओझं झालोय असं मानणाऱ्याला ती आणखी खाली ढकलतात.

आता मर्यादा. ही अँब्युलन्स नाही, कुणी घरी येत नाही. माणसाने विष किंवा गोळ्या असं काही घेतलं असेल किंवा तशी शंका असेल, तर १४४१६ वर वेळ घालवू नका. १०८ लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. मिठाचं पाणी पाजू नका, उलटी काढू नका. उलटीतलं फुफ्फुसात जाऊ शकतं. डबा किंवा लेबल सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना कशावर उपचार करायचे ते कळतं. तो ठणठणीत दिसला तरी न्यायचंच.

फोनवरून होत नाही असं आणखी एक काम घरच्यांनाच करावं लागतं. कापसाच्या हंगामात फवारणीची औषधं खाटेखाली, खळ्यात, कुठेही पडलेली असतात. ती त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात जावीत आणि किल्ली तिसऱ्याकडे असावी. मरणाची तीव्र लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते; हाताशी काही नसलं तर ती ओसरायला वेळ मिळतो. एवढ्या एका कामाचं मोल फार मोठं आहे.

दवाखान्यात एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) नोंद होते, पोलीस जबाब घेतात, म्हणून माणसं लपवतात. लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं, शिक्षेचा विषय करत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत, असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड विधानातलं जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही.

दवाखान्यातून सुट्टी झाली की घर निर्धास्त होतं. नेमके तेच पहिले आठवडे जपायचे असतात. नैराश्याच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मधेच बंद करू नयेत. पाकीट घरच्यांनी ठेवावं आणि रोजच्या रोज तेवढीच गोळी हातात द्यावी. पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी, त्या दिवशी सोबत कोण जाणार हे आधीच ठरवावं. मधल्या रात्री पुन्हा जड गेल्या, तर १४४१६ दुसऱ्यांदा, दहाव्यांदाही लावता येतो.