अपडेट सर्व्हर लावावा की न लावता भागेल? ३०-४० पीसींच्या ऑफिससाठी तुलना

विंडोजचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे १० वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. ऑफिस बंद, आणि बऱ्याच ठिकाणी शिपाई मेन स्विच पाडून घरी गेलेला. त्यामुळे आपला खरा पॅच-दिवस (पॅच म्हणजे दुरुस्तीचं अपडेट) बुधवार. सकाळी दहा-सव्वादहाला सगळे पीसी एकदम चालू होतात आणि जो तो तीच फाइल स्वतंत्रपणे इंटरनेटवरून ओढायला लागतो. अकरा वाजेपर्यंत कुणीतरी ओरडतंच, "नेट स्लो का आहे आज?"

आकडे मांडून बघा. समजा ४० पीसी आहेत आणि प्रत्येकाचं अपडेट ८०० एमबीचं. एकूण ३२ जीबी. ५० एमबीपीएसच्या लाइनवर दुसरं काहीही चालू नसेल तर हे दीड तासाचं काम आहे. १० एमबीपीएसच्या लीज्ड लाइनवर सात तास, म्हणजे अख्खा कामाचा दिवस.

मग व्हेंडर सुचवतो, "सर, एक डब्ल्यूएसयूएस लावून टाकू." म्हणजे फाइल एकदाच उतरवून ऑफिसातल्या पीसींना वाटणारा मायक्रोसॉफ्टचा अपडेट सर्व्हर. सोबत सर्व्हरचं कोटेशन. तो सल्ला चुकीचाच असतो असं नाही. पण आधी दुखणं नेमकं कोणतं ते ठरवा, नाहीतर आजार म्हशीला आणि औषध पखालीला अशी गत होते. नेटची लाइन तुंबते हे एक दुखणं. कुठलं अपडेट कधी आणि कुणाच्या पीसीवर जावं हे आपल्या हातात हवं, हे दुसरं. पहिल्यासाठी आज सर्व्हर घ्यावा लागत नाही. दुसऱ्यासाठीही बऱ्याचदा लागत नाही, पण कधी कधी लागतोच.

डब्ल्यूएसयूएस: हुकमत पूर्ण, पण राखण रोजची

मायक्रोसॉफ्टचा हा अपडेट सर्व्हर २००५ पासून या नावाने आहे. विंडोज सर्व्हरमध्ये तो रोल म्हणून मिळतो, वेगळे पैसे नाहीत. मात्र 'फुकट' म्हणताना सर्व्हरचं लायसन्स (स्टँडर्ड एडिशनला किमान १६ कोअरचं) आणि प्रत्येक यूजर किंवा पीसीमागे लागणारं कॅल (क्लायंट ॲक्सेस लायसन्स) विसरू नका. टॅली किंवा फाइल शेअरिंगसाठी सर्व्हर आधीच घेतला असेल, तरच हा खर्च शून्याच्या जवळ जातो. तो सर्व्हर डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा) असेल तर त्यावरच हे बसवू नका, वेगळं व्हर्च्युअल मशीन (त्याच यंत्रातला दुसरा, आभासी सर्व्हर) करा.

पद्धत सोपी आहे. सर्व्हर मायक्रोसॉफ्टकडून यादी आणतो, तुम्ही जे मंजूर कराल ते एकदाच उतरवतो आणि ऑफिसातले पीसी ८५३० पोर्टवरून ते त्याच्याकडून घेतात. आधी दोन-तीन पीसींच्या गटाला द्यायचं, चार दिवस बघायचं, मग बाकीच्यांना.

या चार दिवसांची किंमत सप्टेंबर २०२१ मध्ये कळली. विंडोजचं छपाईचं काम सांभाळणाऱ्या प्रिंट स्पूलरमधली भोकं बुजवणाऱ्या त्या महिन्याच्या अपडेटनंतर अनेक ठिकाणी शेअर केलेले प्रिंटर जोडलेच जाईनात, स्क्रीनवर ११बी ने संपणारा एरर. ज्यांनी ते अपडेट एकाच पीसीवर आधी चालवून पाहिलं होतं, त्यांचे बाकीचे प्रिंटर चालू राहिले. उलट जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरमुळे जगभर निळे पडदे आले आणि विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले, ते डब्ल्यूएसयूएसने थांबलं नसतं. ते अपडेट विंडोजचं नव्हतंच, सुरक्षा सॉफ्टवेअरने स्वतःच्या वाटेने आणलं होतं. अपडेट सर्व्हर आहे म्हणजे सगळं आपल्या ताब्यात, हा भ्रम आहे.

आता राखणीचं. डब्ल्यूएसयूएस लावणं दुपारभराचं काम आहे, तो जिवंत ठेवणं हे कायमचं. सेटअपच्या वेळी उत्साहात सगळी प्रॉडक्ट्स, सगळ्या भाषा आणि ड्रायव्हर्स यांवर टिक केली की डिस्क बघता बघता भरते. विंडोज ११ च्या नव्या पद्धतीच्या अपडेटसाठी तर दर आवृत्तीमागे साधारण १० जीबी सुरुवातीलाच उतरतात. कागदावरची शिफारस ४० जीबींची आहे, ती विसरा आणि वेगळं ड्राइव्ह द्या. जुनी, नव्यांनी मागे टाकलेली अपडेट्स दर महिन्याला नाकारून क्लीनअप चालवला नाही तर डेटाबेस फुगतो. मग एके दिवशी कन्सोल (डब्ल्यूएसयूएस चालवायची खिडकी) उघडतच नाही, नुसतं 'रिसेट सर्व्हर नोड' असं बटण दाखवतो. ते कितीही वेळा दाबा, उपयोग नाही. बहुतेक वेळा कारण आयआयएसमध्ये, म्हणजे डब्ल्यूएसयूएस ज्यावर चालतो त्या विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये असतं. डब्ल्यूएसयूएसच्या ॲप्लिकेशन पूलला मूळ मेमरी-मर्यादा १८,४३,२०० केबी, म्हणजे पावणेदोन जीबीच्या आसपास असते. ती वाढवली की कन्सोल परत श्वास घेतो. ही मर्यादा सेटअपच्या दिवशीच वाढवलेली बरी.

दुसरा नेहमीचा गोंधळ क्लोन केलेल्या पीसींचा. एकाच इमेजवरून (डिस्कच्या तयार नकलेवरून) सगळे पीसी तयार केले असतील तर सगळ्यांचा अपडेट-क्लायंट आयडी एकच निघतो. कन्सोलमध्ये ४० ऐवजी एकच पीसी दिसतो, आणि त्याचं नाव दर थोड्या वेळाने बदलतं! प्रत्येक पीसीवरचा तो आयडी रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून) उडवून सर्व्हिस पुन्हा सुरू केली की सगळे ओळीने हजर होतात.

सगळ्यात फसवा प्रकार मात्र हिरव्या टिकचा. कन्सोलकडे कुणी फिरकलंच नाही आणि काहीच मंजूर केलं नाही, तर पीसी शांतपणे सांगतो की तुम्ही अप टू डेट आहात. त्याच्या दृष्टीने ते खरंही असतं, कारण सर्व्हरने त्याला काही देऊच केलेलं नसतं. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला. त्याला अडवणारा पॅच १४ मार्चलाच आला होता. जिथे दोन महिने 'मंजूर' हे बटण कुणी दाबलं नाही, तिथे असा सर्व्हर संरक्षणाऐवजी अडसरच ठरतो. यावर उपाय म्हणून बरेच जण सगळ्याला ऑटो-अप्रूव्ह लावतात. पण मग हुकमत गेली आणि उरला फक्त एक अवघड कॅश सर्व्हर (फाइली साठवून वाटणारा).

भविष्याचं म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की डब्ल्यूएसयूएसमध्ये आता नवं काही येणार नाही. तो विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये आहे आणि त्या सर्व्हरचा सपोर्ट २०३४ पर्यंत चालतो, म्हणजे घाबरून काढून टाकायचं कारण नाही. पण नव्याने शिकून उभं करायचं असेल तर विचार दोनदा करा. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यात लॉगिनशिवाय सर्व्हर ताब्यात घेता येईल असं गंभीर भगदाड सापडलं. महिन्याच्या नेहमीच्या पॅचने ते पुरतं बुजलं नाही, म्हणून २३ ऑक्टोबरला वेगळा तातडीचा पॅच काढावा लागला. आपल्याकडे त्या दिवशी भाऊबीज होती, ऑफिसं बंद. ज्यांनी ८५३० आणि ८५३१ पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला उघडे ठेवले होते त्यांची सुट्टी धोक्यात गेली. हे पोर्ट फायरवॉलच्या आतच ठेवायचे, यात तडजोड नाही.

सर्व्हरशिवाय: पीसीच एकमेकांना देतात

विंडोज १० पासून डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची सोय आत बसलेली आहे. एका पीसीने उतरवलेले तुकडे शेजारचा पीसी लॅनवरून, ७६८० पोर्टवर, त्याच्याकडूनच घेतो. प्रो एडिशनमध्ये लॅनपुरतं हे मुळातच चालू असतं. म्हणजे कदाचित तुमच्याकडे आताही चालू आहे, फक्त नीट चालत नाही. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनचा ॲक्टिव्हिटी मॉनिटर आहे. महिन्याभरात किती टक्के इंटरनेटवरून आणि किती लॅनवरून आलं ते तो दाखवतो. कोटेशनवर सही करण्याआधी चार-पाच पीसींवर हा आकडा बघाच.

लॅनचा वाटा जवळजवळ शून्य दिसला तर पहिला संशय अँटीव्हायरसच्या फायरवॉलवर घ्या, त्याने ७६८० अडवलेला असतो. दुसरा वाय-फायच्या क्लायंट आयसोलेशनवर (वाय-फायवरच्या पीसींना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग). तिसरं कारण सहज लक्षात येत नाही: दोन इंटरनेट कंपन्यांच्या लाइन लोड बॅलन्सवर असतील तर पीसी दोन वेगळ्या पब्लिक आयपीमागे (बाहेर दिसणाऱ्या पत्त्यांमागे) दिसतात आणि एकाच खोलीत असून एकमेकांना ओळखत नाहीत. तिथे लॅन मोडऐवजी ग्रुप मोड लावून सगळ्यांना एकच ग्रुप आयडी द्यावा.

हुकमतीचा भाग विंडोज अपडेट फॉर बिझनेसच्या पॉलिसी (पीसींवर लावायचे नियम) सांभाळतात. सर्व्हर नको, वेगळं लायसन्स नको, फक्त प्रो किंवा त्यावरची एडिशन हवी. मासिक अपडेट ३० दिवसांपर्यंत आणि मोठं व्हर्जन ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतं, अडचणीच्या वेळी ३५ दिवस थांबवताही येतं. सीए ऑफिसला जुलैचा शेवटचा आठवडा आणि सप्टेंबरअखेर रीस्टार्ट नको असतो, त्यांना एवढं पुरतं. माझी पसंतीची रचना अशी: दोन-तीन पीसींना लगेच अपडेट, बाकीच्यांना सात दिवसांनी. पहिले पीसी मंगळवारी रात्री चालू ठेवायचे.

पण इथे एक मेख आहे. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनचा साठा मुळात तीनच दिवस टिकतो. बाकीचे पीसी सात दिवसांनी जागे होतात तेव्हा पहिल्यांच्या पोटात काहीच उरलेलं नसतं आणि सगळे पुन्हा इंटरनेटकडे धावतात. कॅशचं वय पॉलिसीतून १४ दिवसांपर्यंत वाढवा, आणि बॅकग्राउंड डाउनलोडने शेजाऱ्याची थोडी वाट बघावी अशी पॉलिसीही लावा. या दोन बदलांनी बुधवारची बोंब बऱ्यापैकी थांबते.

उणिवाही सांगतो. डब्ल्यूएसयूएसमध्ये एखादं विशिष्ट अपडेट हेरून अडवता येतं, इथे फक्त सगळंच पुढे ढकलता येतं. कुठल्या पीसीवर काय राहिलं याची एकत्र यादी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी जोडल्याशिवाय मिळत नाही. आणि इंटरनेट मुळीच नसलेल्या नेटवर्कवर हे सगळं कुचकामी.

ऑफिस सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र पारडं उलटं झुकतं. ऑफिस २०१९, २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ यांची अपडेट्स नुसत्या डब्ल्यूएसयूएसमधून येतच नाहीत. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन मात्र मायक्रोसॉफ्ट ३६५ चे ॲप्स लॅनवर वाटू शकतं. घरी नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपचंही तसंच. डब्ल्यूएसयूएसला बांधलेला लॅपटॉप व्हीपीएनशिवाय घरी बसला की त्याचं अपडेट ठप्प होतं.

रिटेल दुकानातून आणलेले होम एडिशनचे लॅपटॉप असतील तर ग्रुप पॉलिसीच (असे नियम लावायची सोय) नाही, म्हणजे हुकमतीच्या दोन्ही वाटा बंद. आधी प्रो घ्या, मग पुढचं बोलू.

बाकीचे पर्याय

मायक्रोसॉफ्टचा कनेक्टेड कॅश हा स्वतंत्र कॅश सर्व्हर आहे, पण त्याला अझूरचं (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं) खातं आणि एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन प्रकारचं लायसन्स लागतं. छोट्या ऑफिसने त्या वाटेला जाऊ नये. क्रोम, ॲडोबी, सेव्हन-झिप असं इतरांचं सॉफ्टवेअरही एका जागेवरून पॅच करायचं असेल तर चेन्नईच्या झोहोचं मॅनेजइंजिन आहे, त्याच्या पॅच मॅनेजर प्लसची मोफत आवृत्ती २५ उपकरणांपर्यंत चालते. पुण्याच्या क्विक हीलचं सेक्राइट अँटीव्हायरस म्हणून आधीच घेतलेलं असेल, तर त्यातली पॅच मॅनेजमेंटची सोय तुमच्या प्लॅनमध्ये आहे का ते तपासा, कदाचित वेगळं काही घ्यावंच लागणार नाही. स्क्विडसारखा साधा प्रॉक्सी लावून विंडोजची अपडेट्स कॅश करायचा नाद मात्र सोडा. विंडोज फाइल तुकड्या-तुकड्यांनी मागतं आणि स्क्विडचं गणित तिथे बिघडतं.

उबुंटू किंवा सी-डॅकचं बॉस लिनक्स चालवणाऱ्या शाळा आणि कार्यालयांचं काम सगळ्यात स्वस्तात होतं. कुठल्याही जुन्या पीसीवर एपीटी-कॅशर-एनजी (अपडेट्स साठवून वाटणारा प्रोग्राम) टाकायचं आणि बाकीच्यांच्या एपीटी (सॉफ्टवेअर उतरवणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्ये एका ओळीत त्याचा पत्ता व ३१४२ पोर्ट लिहायचा.

मग कुणी काय घ्यावं

एकाच मजल्यावरचं, ५० पीसींच्या आतलं, पूर्णवेळ आयटी माणूस नसलेलं ऑफिस असेल तर सर्व्हर नको. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नीट बसवा आणि दोन गटांत अपडेट द्या.

अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक असाल तर मी डब्ल्यूएसयूएसकडे झुकेन. रिझर्व्ह बँकेच्या सायबर सुरक्षेच्या नियमांमुळे पॅचची नोंद आणि स्थिती दाखवावी लागते, ऑडिटर कागद मागतो आणि तो कागद इथून निघतो. (रिपोर्टसाठी रिपोर्ट व्ह्यूअर २०१२ वेगळा टाकावा लागतो, ऑडिटच्या दिवशी शोधत बसू नका.) कारखान्यातलं किंवा प्रयोगशाळेतलं इंटरनेट तोडलेलं नेटवर्क असेल तर प्रश्नच नाही. तिथे बाहेरच्या एका डब्ल्यूएसयूएसवरून ड्राइव्हवर घेऊन आतल्या डब्ल्यूएसयूएसमध्ये आयात करणं हीच रीत.

दोन्ही एकत्रही चालतात. मंजुरी डब्ल्यूएसयूएसवर, फाइली मात्र तिथे न साठवता थेट मायक्रोसॉफ्टकडून, आणि पीसींमध्ये वाटप डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनने. यात डिस्क भरण्याची कटकट जाते, कन्सोलची राखण तेवढी उरते.

डब्ल्यूएसयूएस घ्यायचंच ठरलं तर एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारात 'सर्व्हर देखभाल' एवढ्यावर भागवू नका. मासिक क्लीनअप, मंजुरी कोण देणार आणि मंगळवारनंतर किती दिवसांत, किती पीसींनी शेवटचा रिपोर्ट कधी दिला याची यादी, हे तीन मुद्दे नाव आणि तारखेसह लिहून घ्या. व्हेंडर त्यासाठी जास्त पैसे मागेल. तो आकडा ऐकल्यावर पुन्हा एकदा ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून बघा.